पहारा

नीट परीक्षेचा निकाल वाईट लागला आणि नूपुर खोलीचं दार लावून बसली. पोरीने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर, या भीतीने मधुवंतीने न्यू टाउनमधल्या आपल्या उंचावरच्या फ्लॅटच्या बाल्कनीला कुलूप घातलं आणि दुपारपासून ती लेकीच्या दाराबाहेर फरशीवरच बसून राहिली. मधूनमधून हाक मारायची. आतून "हं" आलं की तिच्या जिवात जीव यायचा.

थोरल्या विहंगने तिला चहा करून दिला. "नको काळजी करूस," म्हणाला आणि आपल्या खोलीत गेला. एक तरी मूल शहाणं आहे, असं तिला वाटलं.

संध्याकाळी नूपुरने दार उघडलं. डोळे रडून सुजले होते.

"आई, मी काही करणार नाहीये गं. तू दादाकडे जा."

"दादाकडे? का?"

"सकाळी त्याने मला त्याची गिटार देऊन टाकली. म्हणाला, मला आता लागणार नाही."

मधुवंती फरशीवरून उठली. ती थेट विहंगच्या खोलीत गेली. तो पलंगावर नुसताच बसला होता. तिला पाहून हसला.

"विहंग, जीव द्यायचं मनात येतंय का रे तुझ्या?"

हसू तसंच राहिलं, पण हनुवटी थरथरायला लागली. मग त्याने तिचा हात गच्च धरला.

"आई, आज मला एकट्याला सोडू नकोस."