खो देणारा
पूर्वी कवायतीला वीस पोरंही यायची नाहीत. मी नऊ-नऊ गड्यांचे खो-खोचे संघ पाडले, मोसमभर तेच ठेवले आणि हिंगोलीच्या मैदानावर मॅट्रिकची सगळी पोरं येऊ लागली. निजामाच्या पोलीस अमीनाला हेच खटकलं. "मास्तर, पोरं रोज काहून जमून राहिलीत?" "संघ आहे, साहेब. एक गैरहजर राहिला, की बाकीचे आठ त्याच्या घरी जातात." "घरी?" त्याचे डोळे बारीक झाले. "आणि बसताना तोंडं उलटसुलट कशाला? दोन्हीकडे पहारा?" मी खेळ समजावत गेलो तसा त्याचा संशय वाढतच गेला. शेवटी त्यानं एका संघाच्या कप्तानाला, अन्सारलाच चौकीत नेलं. तासाभरात त्याचे आठही गडी चौकीसमोर ओळीनं बसले, एकाचं तोंड पूर्वेला, दुसऱ्याचं पश्चिमेला. "उठा!" अमीन ओरडला. ओळीतला संतराम जागचा हलला नाही. "कसं उठावं, साहेब? खो देणारा आत हाय."