जवळचे दिसावे म्हणून

“आबा, तुम्हाला दूरचं जास्त लागतं की जवळचं?” दिपमालाने विचारले.

“दोन्ही,” तोतारामआबा म्हणाले. “आम्ही सोसायटीचे चेअरमन. दूरचा माणूस ओळखता आला पाहिजे आणि हातातला कागदही. नाहीतर सेक्रेटरी कशावरही सही घेईल.”

दिपमाला हसली. जळगावच्या त्या नेत्ररुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णांना लेन्स समजावून देणे हे तिचे काम होते. टेबलावरचा प्लास्टिकचा डोळा उघडून तिने सांगितले, की साध्या लेन्सने दूरचे स्वच्छ दिसते, जवळच्या कामाला मात्र चष्मा लागतो. भारी लेन्सने दोन्ही दिसते. चष्मा बहुधा लागत नाही.

“भारीच टाका.” किंमत आबांनी विचारली नाही. न विचारण्यातही एक रुबाब असतो.

दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर त्यांची पत्नी मंदाबाई बसली होती. आत गप्प बसायचे, असे आबांनी धरणगावाहून निघतानाच तिला बजावले होते. ती गप्पच होती. पण चपला तिने बाहेर काढल्या होत्या, आणि काचेच्या दारातून तो झिजलेला जोड साऱ्यांना दिसत होता. आबांना तेवढ्यानेही ओशाळल्यासारखे झाले होते.

“आजी, तुमचे डोळे तपासलेत कधी?”

“तिचं झालंय ऑपरेशन,” आबा म्हणाले. घरातल्या बाईला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुरुषाने द्यावे, ही त्यांच्याकडची रीतच. “शिबिरात, दोन्ही डोळ्यांचं. साधीच लेन्स. तिला कुठे कागद वाचायचेत?”

ते स्वतःच हसले. दिपमाला हसली नाही.

“मग जवळचा चष्मा?”

शिबिरातल्या डॉक्टरांनी महिन्याने नंबर काढायला बोलावले होते, हे आबांना आठवले. तेव्हा कापूस वेचणीला आला होता. ‘वाट दिसते ना? मग झालं,’ असे म्हणून त्यांनी तो विषय मिटवला होता. त्यानंतर आणखी दोन कापूस येऊन गेले.

“आजी, मग घरातली कामं कशी करता?” दिपमालाने या वेळी सरळ मंदाबाईकडे पाहिले.

मंदाबाईने आधी आबांकडे पाहिले. आबांनी मान खाली घातली.

“बोटं शेतस ना, बेटा,” हातांची बोटे पुढे करत ती हळूच म्हणाली. “चाचपीसन बठ्ठं व्हई जास.”

आबांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्याच स्वयंपाकघरात एक बाई दोन वर्षे काळोखात असावी तशी चाचपत होती, आणि तिच्या हातचे जेवून उठणाऱ्याला ते कळले नव्हते. समोरच्या मुलीच्या नजरेला नजर देणे त्यांना जड झाले.

“माझीही साधीच टाका,” ते एकदम म्हणाले. “जे हिला, तेच मला.”

बोलून टाकल्यावर छातीवरचे ओझे किंचित हलल्यासारखे वाटले. आपण अगदीच वाईट माणूस नाही, असेही वाटून गेले.

“आजींचा नंबर आजच काढू,” दिपमाला म्हणाली. “पण आबा, लेन्स रागाच्या भरात ठरवू नका.”

“राग नाही. ठरलं माझं.”

तेव्हा मंदाबाई उठून उभी राहिली. परक्या माणसांसमोर तिने नवऱ्याचा शब्द आजवर खोडला नव्हता. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तव्यावरची भाकरी करपू नये म्हणून असते, तेवढीच साधी काळजी होती.

“नही बेटा, त्यासले ती भारीवालीच टाका. जवळनं दिसनं म्हणजे भातमाधला खडा सोताच काढी टाकतीन. मंग ताट कसाले फेकतीन?”