चिंचेवरचा पाळणा

न्हाव्यानं जावळ काढायला वस्तरा लावला, पोरानं भोकाड पसरलं, आणि तेवढ्यात राहीबाई हळूच दर्ग्याच्या मागं सटकली. पोर सासूच्या मांडीवर होतं. त्याचं रडणं चालू होतं तोवर तिला कुणी हाक मारणार नव्हतं.

मागं चिंच होती. पारनेरच्या आसपासच्या बाया लेकरासाठी पिराला नवस बोलायच्या आणि या चिंचेला वीतभर लाकडी पाळणा टांगून जायच्या. मूल झालं की परत यायचं, मलिदा वाहायचा आणि आपला पाळणा आपल्या हातानं सोडायचा, अशी रीत. सगळ्याच कुठल्या परत येतात! चिंच होती तेवढीच होती, फांद्या मात्र पाळण्यांनी वाकल्या होत्या.

दर्गा सांभाळणाऱ्या मुजावराची बायको मेहताब झाडाखाली शेळीला पाला टाकत होती.

"भाभी, माझा पाळना सोडायचाय. लवकर."

"सोडू की. सासूला येऊ दे."

"आत्याबाईंना कळाय नगं."

मेहताबनं तिच्याकडं नीट पाहिलं. तिशीची बाई, पण गालफडं पार बसलेली. "कितवं हे?"

"सातवं. सगळी जगली." राहीनं हे खाली मान घालून सांगितलं. "ह्या टायमाला रगत थांबंना. सुईन म्हनली, पुढच्या खेपेला मला बोलवू नगा, मला ते पाप नगं. मी मेले तर सात जनांना कोन बघंल वो? लढाई लागल्यापासनं कंट्रोलची ज्वारी. एकेक भाकरी मोडून मोडून वाटते."

"मग नवऱ्याला सांग."

"सांगितलं. ते म्हनत्यात, आपल्या हातात काय हाय!"

आता बोला!

"म्हनून आले," राही म्हणाली. "थोरली झाली तवाच सोडायचा हुता. आत्याबाईंनी सोडू दिला न्हाई."

सासूचं, भागूबाईचंही अगदीच चुकत होतं असं नाही. मानमोडीच्या साथीत तिची पाच लेकरं एकामागोमाग गेली, एकटा बन्सी, राहीचा नवरा, तेवढा उरला. तेव्हापासून घरात कितीही पोरं रांगली तरी म्हातारीला घर रिकामंच वाटायचं. थोरल्या नातीच्या वेळी ती म्हणाली होती, "राहू दे टांगलेला. अजून येत्याल." आणि खरंच, येतच राहिली. पाळणा वर हलतोय तोवर येतच राहणार, याबद्दल राहीला तिळमात्र शंका नव्हती.

तिनं आपला पाळणा लगेच ओळखला. बन्सीनं बाभळीच्या लाकडाचा कोरला होता आणि तिनं लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून बांधला होता. टाचा उंचावून तिनं गाठीला हात घातला. गाठ कुठली सापडायला! एवढ्या वर्षांत फांदी जाड झाली होती, दोन्ही अंगांनी साल चढून तिनं काठ गिळून टाकला होता. राहीनं नखं घातली. एक नख मुळापासून उलटलं.

"सुटंना वो, भाभी," म्हणत ती रडायलाच लागली.

मेहताब पाल्याचा विळा घेऊन आली. "पीरबाबा घेत्याल समजून," असं पुटपुटत तिनं सालीलगत विळा ओढला. पाळणा राहीच्या हातात पडला. गाठ सालीतच राहिली.

राहीनं पाळणा छातीशी धरला. तिला इतकं मोकळं वाटलं, इतकं मोकळं वाटलं, की पोर रडायचं थांबलंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"राहे!"

कोपऱ्यावर भागूबाई उभी होती. कडेवर बोडकं पोर, मागं बन्सी. म्हातारीच्या अधू डोळ्यांना नवं-जुनं कळत नव्हतं. सुनेच्या हातात पाळणा आहे एवढं तिला दिसलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अगं बया! दुसरा बांधतीस व्हय? आन् मला बोलली न्हाईस! बन्सी, बघ रं, लई गुनाची हाय माझी सून."

राहीनं नाही म्हणावं, तर पिराचा पाळणा विळ्यानं कापला हे सांगावं लागणार. आणि त्यानंतर तिला त्या घरात उभं कोण करणार? भागूबाईनं आपल्या पदराची चिंधी टर्रकन फाडून तिच्या हातात दिली.

"बांद. चांगला घट्ट बांद."

बन्सीनं पाळणा ओळखला. त्यानं एकदा बायकोकडं पाहिलं. मग तिचा हात पोचावा म्हणून त्यानं फांदी खाली ओढून धरली.

राहीनं पाळणा बांधला.

दोघं मायलेक पोराला घेऊन गाडीकडं निघाले, तशी ती मेहताबजवळ आली. "भाभी, आमची गाडी माळाखाली उतरली की सोडा. तुमच्या पाया पडते."

"सोडीन."

"इसरू नगा."

"सोडीन म्हनलं ना. जा तू आता, ते खोळंबल्यात."

राही निघाली, थोडं गेली, आणि पुन्हा वळली. एवढं विचारायचं राहिलंच होतं. "भाभी, तुमी तुमचा कवा सोडला?"

मेहताबनं पोटावरचा पदर सारखा केला.

"नऊ हायत माझी. दहावं पोटात," ती म्हणाली. "मी कवा बांदलाच न्हाई, बाई."