घाटात उतरलेली रेघ

दोन बोटांना चिमटे, चिमट्यांच्या तारा यंत्रात, आणि समोरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ. जीव घाबरला की रेघ चढते, निवला की उतरते. कॅन्सर झाल्यापासून केमोची सुई नुसती दिसली तरी ड्रायव्हरबाई हात मागे ओढून घ्यायच्या. आयुष्यभर डोंगरातून बस चालवलेली बाई, आणि सुईपुढे अशी गत. म्हणून डॉक्टरांनी इथे थेरपिस्टकडे धाडलं.

"याने आजार जात नाही," थेरपिस्ट आधीच म्हणाली होती. "स्वतःला आवरायला तेवढं शिकता येतं."

"तेवढं पुरे. आजाराचं डॉक्टर बघतील."

आज ती म्हणाली, "डोळे मिटा. एक शांत तळं आठवा. पाणी हलत नाही, पान हलत नाही."

बाईंनी तळं आठवलं. रेघ चढली.

"आई, लक्ष दे ना नीट," भिंतीशी बसलेला मुलगा म्हणाला. "आता कसली काळजी? मी डेपोत बोलून आलोय. बरी झालीस की चौकशीच्या खिडकीत बसायचं. स्टिअरिंग सुटलं एकदाचं."

रेघ पडद्याच्या माथ्याला जाऊन टेकली.

"मला न विचारता?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"म्हणून नाही विचारलं."

थेरपिस्ट त्याला बाहेर पाठवायला उठली, तर बाईंनी हातानेच तिला बसवलं. डोळे मिटलेलेच. तळं सोडून त्या घाटाला लागल्या. गाडी गच्च भरलेली, मागे कुणाचं पोर रडतंय, कुणी खिडकीला डोकं टेकून पेंगतंय. एका अंगाला कडा, एका अंगाला दरी, समोरून लादलेला ट्रक. गिअर खाली, नजर वळणाच्या पार. श्वास आपसूक लांबला. रेघ पायरी पायरीने उतरत आली.

"कुठे आहात आता?" थेरपिस्टने हळूच विचारलं.

"घाटात. तुमच्या तळ्यावर मला काही कामच नव्हतं, बाई."

मग डोळे उघडून त्या मुलाकडे वळल्या. "उद्या डेपोत सांगून ये, आई खिडकीत बसणार नाही. डॉक्टर नको म्हणाले तर किल्ली मी माझ्या हाताने खाली ठेवेन. तुझ्या भीतीपायी ठेवायची नाही."

आवाज चढला नाही. रेघही नाही.

"आणि काही झालं तर?" मुलगा पडद्याकडेच बघत म्हणाला.

बाईंनी आपल्या बोटांचे चिमटे काढले, त्याचा हात ओढून घेतला आणि त्याच्या बोटांना लावले. रेघ अशी उसळली की पडद्यात मावेना. तो हात सोडवू लागला. सुयांनी काळानिळा झालेला आपला हात बाईंनी त्याच्या हातावर घट्ट ठेवला.

"मागच्या सीटवर बसून ब्रेक दाबू नये रे, राजा," त्या म्हणाल्या. "श्वास सोड. गाडी मी चालवतेय."