दाराबाहेर

इंद्रभान देवळाच्या पायरीपर्यंत आला, पायातल्या वहाणा काढल्या, आणि आत यायचं सोडून तिथंच खाली बसला. पुंजाजीच्या शेजारी.

आत बायकांच्या बाजूला मंजुळाबाई बसली होती. तिनं ते पाहिलं. नवरा कालच अकोल्याच्या तुरुंगातून सुटून आला होता. सकाळी तिनं त्याला न्हाऊ घातलं, जपून ठेवलेलं धोतर दिलं. आज प्रभुभोजनाचा, मेजापाशी गुडघे टेकून प्रभूची भाकर आणि प्याला घ्यायचा रविवार. मंडळीनं पुढची सतरंजी त्याच्यासाठी मोकळी ठेवली होती. आणि तो बसला कुणाजवळ, तर ज्यानं त्याला तुरुंगात धाडलं त्याच्याजवळ.

मलकापूरच्या शिवेवरची ती लुथरन ख्रिस्ती मंडळी लहानशी. मोजकी घरं, एक कौलारू देऊळ, आणि बहुतेक माणसं कापसाच्या जिनात कामाला. दोन वर्षांमागं जिनाच्या आवारात कापसाच्या गंजीला आग लागली. ती लागली होती पुंजाजीच्या विडीनं. पण त्याच आठवड्यात इंद्रभानचं मालकाशी मजुरीवरून वाजलं होतं, म्हणून पोलिसांनी त्याचंच मनगट धरलं. पुंजाजी भ्यायला. इंद्रभानला काडी ओढताना मी डोळ्यांनी पाहिलं, असं त्यानं कोर्टात शपथेवर सांगितलं. इंद्रभानला सक्तमजुरी झाली.

ते खोटं पुंजाजीला पचलं नाही. वर्षभरानं उत्तम शुक्रवारी, प्रभूच्या मरणाच्या दिवशी, भर उपासनेत तो उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. पाळक नारायणराव त्याला घेऊन कोर्टात गेले. आपल्याच हातात बेड्या पडतील हे ठाऊक असून त्यानं तिथंही तेच सांगितलं. कोर्टातल्या साहेबांनी कागद वर नागपूरला पाठवला. कागद गेला तो गेलाच. ना इंद्रभान सुटला, ना पुंजाजीला कुणी धरलं.

मग शिक्षा द्यायची ती मंडळीनंच. नारायणरावांनी मंजुळाबाईला विचारलं. ती म्हणाली, की माझा माणूस जोवर प्रभूच्या मेजापाशी गुडघे टेकत नाही, तोवर यानंही टेकू नये. याची सावलीसुद्धा मला देवळात नको. मंडळीनं ते मानलं. पुंजाजीनंही. तेव्हापासून दर रविवारी तो येई आणि दाराबाहेर बसे. उन्हात बसे, पावसात डोक्यावर पोतं घेऊन बसे. आत गीत सुरू झालं, की बाहेरून त्याचा जाडाभरडा सूर येऊन मिसळे. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमा करण्याची ओळ आली, की मंजुळाबाई ओठ मिटून घेई. तेवढ्या ओळीपुरता तिला बाहेरचा आवाज फार स्पष्ट ऐकू येई.

नारायणराव मेजापासून निघून दाराशी गेले. इंद्रभानला म्हणाले, तुझी जागा आत आहे, सगळे वाट पाहताहेत. तू एकदा मेजापाशी आलास, की पुंजाजीचंही पाहता येईल.

इंद्रभान हलला नाही. तुरुंगात जातं ओढून ओढून त्याचे खांदे उतरले होते. पुंजाजीच्या नावानं आपण तिथं कितीक शिव्या घातल्या, तेही त्यानं लपवलं नाही. पण मग तो म्हणाला, "पाळकसाहेब, येकटं बसनं काय असते ते मले मालूम हाय. तठी माह्याजवळ कोनी बसलं नाही. याच्याजवळ मी बसतो."

पुंजाजीनं हात जोडले. म्हणाला, "तू जाय भाऊ. मी अठीच बरा."

इंद्रभाननं नुसता त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मंजुळाबाईला सगळं ऐकू येत होतं. तिचं अंग संतापानं भरून आलं. आगलाव्याची बायको म्हणून बाजारात बोटं दाखवून घेतली होती तिनं. भर थंडीत कापूस वेचून बोटं फाडून घेतली होती. हा राग तिनं नवऱ्यासाठीच तर जतन केला होता, आणि आज नवऱ्यालाच तो नको होता. आता तो ठेवायचा कुठं? तिनं दाराकडं पाहिलं. बाहेर झगझगीत ऊन होतं आणि उन्हात दोन पाठी होत्या. दोन्ही सारख्याच वाकलेल्या. कोणती कुणाची, ते घटकाभर तिलाही ओळखू येईना.

नारायणराव परत मेजाशी आले. पापकबुली झाली. भाकर मोडून झाली, प्याला भरून झाला. पण गुडघे टेकायला कुणीच पुढं येईना. सगळ्यांची नजर मंजुळाबाईवर.

ती उठली. पदर डोक्यावर नीट घेतला आणि मेजाकडं पाठ करून दाराकडं चालू लागली. आता ही नवऱ्याला हाताला धरून आत आणणार, असं प्रत्येकाला वाटलं. पण ती उंबरा ओलांडून गेली आणि पुंजाजीच्या दुसऱ्या अंगाला खाली बसली. पुंजाजी चोरट्यासारखा आक्रसला. त्याला मान वर करून पाहायचं धाडस होईना.

मग नारायणरावांनी भाकरीचं ताट आणि प्याला उचलला आणि तेही बाहेर उन्हात आले. मागोमाग एकेक करून मंडळी उठली, दाराशी दाटली. नारायणराव इंद्रभानपुढं वाकले. दोन वर्षं त्याचीच वाट पाहिली होती सगळ्यांनी.

मंजुळाबाईनं हात आडवा केला.

"आधी याले द्या, पाळकसाहेब," ती म्हणाली. "याले म्या उपाशी ठेवलं."