पितळी कडी

“काकू, कडी आतून लावू की बाहेरून?” सुताराने विचारलं.

“अहो, होती तिथेच लावा की! भोकं आहेतच, चांगल्या दाराला नवी कशाला पाडताय?” पडद्याच्या दांडीशी झटापट करता करता आई म्हणाली. “आणि आटपा जरा. चारला लेक यायचीय माझी.”

सुतार दाराकडे बघून जरा घुटमळला. मग “दार तुमचं, कडी तुमची,” म्हणाला आणि कामाला लागला.

दोन महिने आईच्या पायाला नुसती भिंगरी होती. जुन्या बाजारातले दुकानदार तिला लांबून बघूनच “आल्या काकू!” म्हणायचे. पाडलेल्या बंगल्याच्या रंगीत काचा, बंद पडलेल्या शाळेतलं बाक, कुठल्याशा हॉटेलातले गोल दिवे, एक पाय आखूड असलेलं टेबल. काय काय म्हणून तिने घरी आणलं नाही! नवरा असता तर म्हणाला असता, लोकांची अडगळ माझ्या घरात नको. पण त्याला जाऊन आठ महिने झाले होते. आता विचारणारं कुणी नव्हतं, तरी प्रत्येक वस्तू उंबऱ्याच्या आत घेताना ती एकदा मागे वळून बघायची.

एवढा आटापिटा लेकीसाठी. अकरा वर्षं लेकीने या घरात पाय ठेवला नव्हता. बाप गेला तेव्हाही ती फाटकातूनच परत फिरली होती. आता तिची याच गावात बदली झाली होती. “चिंगीला घेऊन येते. राहायचं का ते बघते,” एवढंच ती फोनवर म्हणाली होती. त्या एका ‘बघते’वर आई दोन महिने जगत होती. लेक राहिली तर नात राहील, नात राहिली तर घरात माणसाचा आवाज राहील. नाहीतर आहेतच चार भिंती आणि एकटा जीव.

सगळ्यात जास्त जीव तिने ओतला होता मागच्या खोलीत. पूर्वी ती अडगळीची खोली होती. लेक लहान असताना काही सांडलं, उलट बोलली, की बाप तिला तिथे कोंडायचा. कधी तासभर, कधी जेवणवेळ टळून जाईपर्यंत. पोर दारावर बुक्क्या मारून मारून थकायची. आई स्वयंपाकघरात भांडी घासायला घ्यायची आणि नळ मोठा सोडायची. काय करणार होती बिचारी? त्या माणसापुढे कुणाचं काही चाललं होतं का कधी?

म्हणून तर ती खोली ओळखू येता कामा नये, असं तिने मनाशी घेतलं होतं. भिंती पिवळ्या केल्या. बाजारातला लोखंडी पलंग खरवडून पांढरा रंगवला. उशाशी बदकाच्या आकाराचा दिवा ठेवला. ही नातीची खोली. जुनी गंजकी कडी तिने सुताराला पहिल्या दिवशीच उपटायला लावली होती. त्या जागी ही आणली, बोटभर जाड, पितळेची, टोकाला फुलाची कळी असलेली. लिंबू-मीठ लावून अशी घासली की तीत तोंड दिसावं.

सुतार गेला आणि पाचच मिनिटांत फाटकाशी गाडी थांबली.

लेक उंबऱ्यात थबकली. मग लेकीने चप्पल काढली आणि ती आत आली.

आईने तिला बोलूच दिलं नाही. “हे बाक बघ, पोरांनी नावं कोरलीत त्यावर! या काचा बघ, सकाळी काय रंग पडतात म्हणून सांगू. अगं, त्या टेबलावर भार देऊ नकोस, लंगडं आहे ते.”

लेक हसली. “ओळखू येत नाहीये गं घर. छान केलंयस.” ते काही तोंडदेखलं नव्हतं. तिने खांद्यावरची बॅग उतरवून बाकावर ठेवली. टेकलेली ती बॅग बघून आईला रडूच यायचं बाकी राहिलं.

चिंगी तोवर मागे पोहोचलीसुद्धा. “आई, बदक! बदकाचा दिवा! ही माझी खोली?”

लेक दारापाशी गेली. तिने भिंती बघितल्या, पलंग बघितला. तिचा हात न बघताच दाराच्या बाहेरच्या अंगाला गेला आणि बरोबर कडीवर पडला.

“चिंगे, बाहेर ये.”

“थांब ना गं!”

“ये म्हणते ना!”

चिंगी बाहेर आली. लेक परत फिरली, बाकावरची बॅग तिने खांद्याला लावली.

आईच्या आत्ता ध्यानात आलं. सुताराने का विचारलं होतं, तेही आत्ताच. “अगं, मेलं डोकंच चाललं नाही माझं! भोकं होती म्हणून म्हटलं… थांब, आत्ता काढते.” तिने ड्रॉवर उपसला, पेचकस शोधला आणि कडीशी भिडली. घाईघाईत तो स्क्रूवर नीट बसेना. “आणि लावणारं आहे कोण आता? ते गेले. तेच लावायचे ना गं? देवाशपथ सांग, मी कधी त्या कडीला हात तरी लावला का?”

“तेच ना, आई,” लेक चिंगीचा हात धरत म्हणाली. “कुलूप कधीच नव्हतं. नुसती कडी होती.”