वन्स मोअर

दुसऱ्या अंकातलं पद गाताना हेमलताबाई टिळेकरांचा आवाज एकाएकी बसला. त्यांनी घसा खाकरून पाहिला, पण सूर निघेना. साठीच्या बाई रंगमंचावर नुसत्या उभ्या राहिल्या.

समोर भरलेलं नाट्यगृह मात्र माना डोलावत होतं. प्रत्येकाच्या कानातलं यंत्र त्याला हव्या त्या आवाजात पद ऐकवत होतं. पद संपताच ‘वन्स मोअर’चा गजर झाला.

बाई विंगेत धावल्या. “अहो, मी गायलेच नाही!”

“कळलं कुणाला?” व्यवस्थापक म्हणाले. “नुसते ओठ हलवा, बाई.”

बाईंनी परत जाऊन ओठ हलवले.

प्रयोगानंतर त्यांचे यजमान मुकुंदराव प्रेक्षकांतून उठून रंगपटात आले. चाळीस वर्षं त्यांनीच बाईंना तबल्याची साथ केली होती.

“तुम्हाला तरी कळलं ना?” बाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“काय गं? सुरेख झालं पद! तुझं लग्नाआधीचं रेकॉर्डिंग आहे ना, तोच आवाज लावून बसलो होतो मी.”

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी घरचा रियाजही सोडला. मुकुंदरावांच्या ते अजून ध्यानात आलेलं नाही.